काडतुसं उघडायची हातोडी

२४ सप्टेंबर, रविवार
बायकोचं, मार्लिसचं, नाव चौदा वर्षांनी सोडतीत लागलं. डोंगरापलीकडच्या राखीव भागात एका एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना. हंगाम एकवीस ऑक्टोबरला उघडतो. चौदा वर्षं तिच्याबरोबर मीही फॉर्म भरले, त्यामुळे तिथे तिच्या शेजारी मी असणार हे उघडच आहे.

रायफल तिच्या वडलांची. तिची काडतुसं आता अख्ख्या काउंटीत विकत मिळत नाहीत. म्हणजे सगळी मदार माझ्यावर. आज घरीच वीस भरली, हिरव्या डब्यात ठेवली. वसंतात भरलेली, उडवून तपासलेल्या खेपेतली वीस लाल डब्यात आहेत. एकूण चाळीस.

मार्लिस म्हणाली, डब्यांवर लिहून ठेव. म्हटलं, सदतीस वर्षं मोंटानाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला, मला कधी पाटी लागली नाही. म्हणाली, दोनदा ओढ्यात गेलास. तेव्हा बर्फ फार होता.

रोजनिशीचे नियम: रोज लिहायचं, मागचं वाचायचं नाही. मागचं वाचत बसलं की माणूस उगाच स्वतःवर शंका घ्यायला लागतो.

२६ सप्टेंबर, मंगळवार
घोटाळा. सतरा तारखेला मापात उरलेली बंदुकीची पावडर मी परत बाटलीत ओतली होती. ती चुकीच्या बाटलीत गेली. एका पावडरीत बारीक काड्या असतात, दुसरीत गोल दाणे. आज काड्यांच्या बाटलीत गोल दाणे दिसले. दोष बाटल्यांचा. दोन्ही सारख्याच काळ्या.

म्हणजे परवा भरलेली वीस काडतुसं गेली. मिसळलेली पावडर किती जोर करेल याचा नेम नाही, रायफलही फुटू शकते. मार्लिसच्या भावाला, गेलनला, फोन केला. त्याने विचारलं, दोन बाटल्या एका वेळी बाकावर कशाला ठेवतोस? गेलन तीस वर्षं टपाल वाटायचा, आता सल्ले वाटतो.

काडतुसं फेकणार नाही. ह्या गोळ्या दोन वर्षं कुठे मिळत नाहीयेत. काडतुसं उघडून गोळ्या आणि पितळी नळ्या वाचवायच्या. त्यासाठी योग्य हत्यार निवडलं पाहिजे. उद्यापासून रिसर्च.

२९ सप्टेंबर
हत्यारं दोन प्रकारची. एक हातोडी: पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं, आपटायचं, धक्क्याने गोळी सुटते. स्वस्त, आवाजी, अडाणी. दुसरं चिमट्याचं: काडतुसं भरायच्या यंत्रावर बसतं, गोळीला पकडून गुपचूप बाहेर ओढतं. सभ्य माणसाचं हत्यार. मात्र प्रत्येक जाडीच्या गोळीला वेगळा चिमटा लागतो.

तक्ता केला. अकरा रकाने.

३ ऑक्टोबर
तक्त्यात हातोडी पुढे गेली. रकाने वाढवले.

४ ऑक्टोबर, सकाळी ९
चिमटा. ठरलं. ऑर्डर दिली. मार्लिस म्हणाली, गोळीची जाडी मोजून घेतलीस का? मोजायला काय लागतं, तोंडपाठ आहे.

मार्लिस रोज कामाआधी तासभर टेकडी चढते. पाठीवर दगड भरलेली पिशवी. मी पण सोमवारपासून.

११ ऑक्टोबर
चिमटा आला. जाडी चुकीची. कंपनीवाल्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, तुम्ही जी मागवलीत तीच पाठवली आहे. बोलायची पद्धत नाही.

टेकडी: गुडघ्यामुळे पुढच्या सोमवारी.

१२ ऑक्टोबर
गेलनची हातोडी मागून आणली. तशीही माझी पहिली पसंती हातोडीच होती. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. लाकडाच्या ओंडक्यावर आपट, काँक्रीटवर नको. आणि हातोडीच्या डोक्यात कानात घालायच्या स्पंजच्या बोळ्याचा तुकडा टाक, नाहीतर गोळ्यांची टोकं चेपतील. मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटायला नको. (गेलन माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.)

१४ ऑक्टोबर, शनिवार
काँक्रीटवर धक्का जास्त बसतो हे साधं विज्ञान आहे. एका रिकाम्या नळीवर प्रयोग केला. तिसऱ्या फटक्याला हातोडीच्या डोक्याला तडा गेला. प्लॅस्टिक हलकं होतं.

टेप लावली. अंगठ्यालाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार
कामाला सुरुवात. लाल डबा घेतला. लाल म्हणजे धोका. खराब काडतुसं त्यात मुद्दाम त्याच विचाराने ठेवली होती, मला लख्ख आठवतंय. डोक्यात सिस्टिम असली की चिठ्ठ्या लागत नाहीत.

ओंडक्यावर आपटली. एकेका काडतुसाला सहा-सात फटके. बारा झाली. बाराही गोळ्यांची टोकं चेपली. मार्लिस दारात येऊन बघत होती. तिने आपले कानातले बोळे काढून माझ्या हातात दिले आणि गेली. तेव्हा मला एक कल्पना सुचली: स्पंज टाकला तर?

१७ ऑक्टोबर
उरलेली आठ स्पंजवर. टोकं शाबूत. पेटंटचा विचार करायला हरकत नाही.

एक गंमत. बाहेर आलेल्या पावडरीत नुसत्या काड्या. गोल दाणा औषधालाही दिसला नाही. मिश्रण किती एकजीव केलं होतं मी! सगळी पावडर मागच्या गवतावर पसरली, खत म्हणून.

मार्लिसला सांगितलं, धोका टळला, हिरव्या डब्यातली तुझी. शनिवारची तयारी झाली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी ४
जेवण झाल्यावर मार्लिस रायफलचा नेम तपासायला गेलनच्या शेताकडे निघाली. हिरवा डबा उचलला, दारात थांबली. म्हणाली, ऑर्डेल, नक्की हीच ना? कुठे लिहिलंय का?

मी दुखावलो. म्हटलं, लिहिलंय म्हणजे काय, तारखेसकट लिहिलंय. ही रोजनिशी आणली आणि चोवीस सप्टेंबरचं पान तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

‘हिरव्या डब्यात’ येईपर्यंत आवाज चांगला होता.

मार्लिसने डबा टेबलावर ठेवला, अगदी हळू. कोट काढला नाही, तशीच बसून राहिली. मग म्हणाली, मी निघाले होते रे. एवढंच. ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

चांगली वीस मी फोडली. खराब वीस तिच्या हातात दिली होती. रायफलीला गाल टेकवून ती नेम धरते.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
गेलन सकाळी आला. काड्यांच्या पावडरीची सीलबंद बाटली आणि चिकटवायच्या चिठ्ठ्यांची गुंडाळी घेऊन. हातोडीचा तडा टेपवरून चाचपून बघितला.

मार्लिसने स्वतः भरली. चेपलेल्या बारा गोळ्या बाजूला काढल्या, आठ घेतल्या. बाकावर एकच बाटली. वडलांनी शिकवलं होतं, म्हणाली. मला हे बेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. विचारलं, मग मला का भरू देत होतीस? म्हणाली, तुला आवडायचं म्हणून.

तीन उडवून नेम तपासला. पाच उरली. डब्यावर चिठ्ठी लावली: तारीख, पावडर, वजन आणि खाली ‘मार्लिस’.

मी म्हटलं, उद्या किती वाजता निघायचं? तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं. टेकडीचे हुकलेले दोन्ही सोमवार तिने मोजले असावेत. म्हणाली, गेलन येतोय. हिरव्या डब्यातली कोणीतरी फोडायला हवीत, ती घरात नकोत.

२१ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ११
ओंडक्यावर आहे. नववं काडतूस. पावडरीत काड्या आणि गोल दाणे वेगवेगळे स्पष्ट दिसतात. आंधळ्यालाही दिसले असते.

सायंकाळी ५
गेलनची गाडी आली. मागे एल्क. एकच गोळी लागली, मार्लिस म्हणाली. तिच्या हनुवटीला रक्त होतं आणि ती हसत होती, लग्नात हसली होती तशी. कड्यावर कशी वाट बघितली ते ती सांगायला लागली. दर दोन वाक्यांनी गेलनकडे वळून विचारायची, हो ना? आणि तो म्हणायचा, हो.

तो ‘हो’ म्हणायला चौदा वर्षं मी फॉर्म भरले होते.

२२ ऑक्टोबर, रविवार
सिस्टिम सुरू केली. गेलनच्या गुंडाळीतल्या चिठ्ठ्या डब्यांवर लावल्या. हिरव्यावर लिहिलं, ‘रिकामा’. लालवर लिहिलं, ‘रिकामा’.

मार्लिसने दोन्ही वाचून बघितल्या. म्हणाली, बरोबर आहे.