आजोबांच्या पिशवीतले दगड

प्रिय नुरिलाताई,

नको ते करून बसलोय. आजोबांच्या पिशवीत दगड भरले. ओढ्यातले, गोल, चांगले वजनदार. वरून पाव आणि कुरुतच्या, दह्याच्या वाळक्या गोळ्या पसरल्या. हसू नकोस, या वेळी गंमत म्हणून नाही केलं.

सगिनकाका बिश्केकहून आलाय. आल्यापासून एकच धोशा, "बाबा, त्र्याहत्तर झाली. मेंढ्या विका, माझ्याकडे चला, लिफ्ट आहे." आजोबांची तर जायलूवर जायची तयारी झालेली. उन्हाळ्यात वरच्या कुरणात नाही गेले की तो माणूस कोमेजतो. शेवटी म्हणाले, "खिंडीपर्यंत चालत जाऊ. आधी जो बसेल त्यानं दुसऱ्याचं ऐकायचं." काका हसला. वयानं पंचवीस वर्षांनी लहान ना. पण पाव आणायलाही गाडी काढणारा गडी तो.

तुला माहीत नाही ते सांगतो. मध्यंतरी मेंढ्या हाकताना आजोबा चढावर थांबले, बूट नीट करायला वाकले. पुढच्या चढावर परत तेच. त्यांच्या बुटांना नाडीच नाही, ताई. दम खात होते. गेल्या साली याच चढावर मला शिव्या घालत पुढे पळायचे. मला वाटलं, हरले तर वर जाणार नाहीत, काकाकडे डॉक्टरजवळ राहतील. रुसतील, पण राहतील. म्हणून दगड.

आणि माझं डोकं बघ. बाप ओझं वाहतोय आणि मुलगा मोकळ्या हातानं चाललाय, असं आपल्याकडे कधी होतं का? निघताना सगळ्या गावासमोर काकानं पिशवी ओढून घेतली. खांदाच खाली गेला त्याचा.

"बाबा, काय भरलंय यात?"

"त्र्याहत्तर वर्षं," आजोबा म्हणाले. लोक खिदळले. आता चारचौघांत बापाच्या ओझ्याची कुरकुर कोण करणार? निघाला तसाच.

मी मागून चाललो. थोडं वर गेल्यावर काकाचे ओठ निळे दिसायला लागले. "काका, पिशवी दे," म्हटलं तर म्हणतो, "बाप माझा आहे, तुझं काय जातंय?" पुढच्या वळणावर बसलाच. बोलता येईना. आजोबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी पिशवी उचलून कड्याआड गेलो आणि दगड फेकले.

काका बराय आता. काल दुकानात चालत गेला. दगड नसते तरी बसलाच असता, जरा वर जाऊन, इतकंच.

पण गाव म्हणतंय, म्हातारा अजून घोडा आहे. काकानंही शब्द पाळला. उद्या आजोबा वर निघतायत. आणि उतरताना काकाला धरून आणता आणता ते दोनदा बुटाशी वाकले. ते मी एकट्यानंच पाहिलं. खरं सांगावं तर काका त्यांना लिफ्टच्या घरात नेऊन बसवेल, आणि आता वाटतं, तिथं तर उरलासुरला दमही जाईल. न सांगावं तर वर काही झालं की डॉक्टर नाही.

म्हणून तुला लिहिलं. तू नर्स आहेस. रविवारी वर ये, घोडीच्या दुधाचं कुमिस प्यायला आले म्हण आणि लाडीगोडीनं त्यांची छाती तपास. तोवर मी बरोबर आहे. प्रत्येक चढावर मीच आधी दमल्याचं सोंग करून बसणार. आळशी म्हणतील, पण माझ्यासाठी थांबतील. हात जोडतो, यातलं कुणाला बोलू नकोस. काकाला नको, आणि आजोबांना तर मुळीच नको.

तुझाच,
तिलेक