मला लालमध्ये टाक

प्रिय सूनबाई,

गुडघा ठणठणीत आहे. हे पहिलंच सांगून टाकते, नाहीतर तू तिथूनच सुरुवात करशील. जिने चढते, धावती नाही पण उभी बस पकडते, आणि तुझ्या डॉक्टरने दिलेला तो पट्टा मी कपाटाच्या सैल दाराला बांधलाय, तिथे त्याचा उपयोग आहे. डोळे बरे आहेत. झोप लागते. तेव्हा तब्येतीचं कारण शोधू नकोस. आणि भिंतीपलीकडे झोपणाऱ्या बाईला पत्र कशाला, असंही म्हणू नकोस. समोर बसून काही सांगायला घेतलं की तू 'आई, आधी चहा टाकते' म्हणून उठतेस, तोवर आमचे चिरंजीव येतात आणि आपण भांडतोय असं समजून हवापाण्यावर बोलायला लागतात. कागद मध्ये तोंड घालत नाही. शुद्धलेखन मात्र बघू नकोस. आठवीत शाळा सुटली ती सुटली, पुढचा दाखला बाहेरून परीक्षा देऊन मिळवला, तोही या वयात, हे तुला माहीत आहे.

कॉलेजात वरच्या मजल्यावर आकडेवारीच्या खोलीत तुला नोकरी लागली, तेव्हा तू जेवता जेवता मला तुझं काम समजावलं होतंस. ताटातले मटारचे दाणे दोन्हीकडे सारत होतीस. हे पूर्ण करणार, हे मध्येच सोडणार. मागच्या इतक्या वर्षांतल्या पोरांची माहिती कॉम्प्युटरला घातली, कोणाचं वय काय, मार्क किती, घर किती लांब, शाळा सुटल्यावर कॉलेजात यायला मधे किती वर्षं गेली, गेटवर कार्ड कितीदा लागलं, पहिल्या सहामाहीत कुठले विषय राहिले. की यंदाच्यांपैकी कोण गळणार ते तो आधीच सांगतो. गळणारे लाल, टिकणारे हिरवे. मी म्हटलं, हे भविष्य सांगणंच झालं की गं, फक्त पगारी. तू हसली नाहीस. म्हणालीस, भविष्यवाला सांगून मोकळा होतो, आई. आम्ही सांगून झाल्यावर फोन करतो. सोडायच्या आधी कोणी विचारलं तर बरेच जण थांबतात. मला ते पटलं नव्हतं. लाँड्री चालवली तेवढी वर्षं मीही छातीठोक सांगायची, हे गिऱ्हाईक कपडे न्यायला परत येणार नाही. एका कोटवाल्याबद्दल तर मी तुझ्या सासऱ्यांशी पैज लावली होती. तो आला, कोट हँगरवर लोंबून लोंबून विटल्यावर आला, आणि वर बटण तुटलं म्हणून आम्हालाच झाडून गेला. तेव्हापासून मी माणसांबद्दल अंदाज करणं सोडलं.

तरी त्याच कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. लोकांना वाटलं, सुनेने घातलं. तू तर घाबरली होतीस. मला कोणी घातलं नाही. जन्मभर प्रत्येक कागद दुसऱ्याने वाचायचा आणि मला थोडक्यात सांगायचा, त्या थोडक्याचा कंटाळा आला होता. सगळं लांबलचक वाचायचं होतं मला. बाकावर माझ्या शेजारी एक टॅक्सीवाला बसतो. वर्गात घोरतो, पण मनाने सरळ आहे. मला काकू म्हणतो आणि माझंच बघून लिहितो. मी त्याला सांगितलं, मेल्या, चुकीचं उतरवतोयस. म्हणाला, काकू, दोघांचं एकच चुकलं की सरांना वाटतं पुस्तकच चुकीचं आहे. बरे दिवस होते ते. तू बाटली भरून पिशवीत ठेवायचीस, मी निघायची, परत आले की 'काय शिकवलं' विचारायचीस आणि मी 'डोंबल' म्हणायची. आवडायचं मला ते विचारणं. आता सांगते, तेव्हा सांगितलं नाही.

मग तो हिशेबाचा तास. यंत्राची किंमत वर्षागणिक कशी घटवायची, ते गणित. सरांनी आधी टॅक्सीवाल्याला फळ्याकडे पाठवलं. त्याने चुकीचं केलं. सरांनी त्याला असं सोललं की विचारू नकोस. टॅक्सीचा मीटर तरी वाचता येतो का, इथपर्यंत. तोही लाजला, पण खाली बसून पुन्हा करायला लागला, जीभ बाहेर काढून. मग मला बोलावलं. मी तीच चूक केली. अगदी तीच, त्याच पायरीला. सरांनी फळा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि वर्गाकडे वळून म्हणाले, या वयात केवढी जिद्द, टाळ्या वाजवा काकूंसाठी. वाजवल्या गं सगळ्यांनी. टॅक्सीवाल्यानेसुद्धा. चूक कुठे झाली ते कोणी सांगितलं नाही. पुसून टाकलं आणि पुढचं गणित. मी खडू ठेवला, बाकावर जाऊन बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मी इथे विद्यार्थिनी नाही. मला कौतुकाला ठेवलंय. रांगणारं मूल उभं राहिलं की वाजवतात, तसल्या टाळ्या त्या.

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन निघाले आणि कॉलेजचा स्टॉप आला तरी उतरले नाही. तेव्हापासून गेलेलेच नाही. हो, नीट वाच, गेलेले नाही. रोज संध्याकाळी घरातून मी निघते ती कुठे कुठे असते. पुलावर जाऊन येते. चपलांच्या दुकानात बसते, तिथला माणूस जोडी काढून काढून दमला, आता मला बघितलं की बिल करायच्या खिडकीमागे लपतो. इस्पितळात बाहेरच्या बाकांवर बरं असतं, तिथे बसलेल्याला कोणी 'का बसलात' विचारत नाही. पण बसवत नाही. उठते, पुन्हा चालते. ज्या गल्लीतून आत्ता आले त्याच गल्लीत पुन्हा शिरते. भाजीवालीने एकदा विचारलं, काय हरवलंय का, आजी? मी तिच्यावर उगाच ओरडले. वर्ग सुटायच्या वेळेला घरी येते, तू विचारतेस काय शिकवलं, मी म्हणते डोंबल. आता तो शब्द खरा आहे, एवढाच फरक.

मधे टॅक्सीवाला भेटला, स्टँडवर. काकू, आहात कुठे, म्हणाला. मी काहीतरी थाप मारली. तो म्हणाला, मीही मधे दांड्या मारल्या, भाडी चांगली होती, तर लगेच कॉलेजातल्या बाईंचा फोन. सगळं ठीक ना, काही अडलंय का, गणित समजावायला कोणी बघून देऊ का. म्हणे, लाजेकाजेने परत गेलो. तुम्हाला नाही आला? मी म्हटलं, येईल. आणि तेव्हापासून, हसू नकोस, तो फोन मी पिशवीत तळाला न ठेवता हातात धरून फिरायला लागले. काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. आधी चांगली खडसावणार होते. तुम्हाला काय करायचंय, माझं मी बघेन, असलं. मग ती अजून एकदा विचारेल, तेव्हा बघू. फोन वाजला तो दोनदा, एकदा बँकवाले आणि एकदा तू, पाव आणा म्हणून.

शेवटी काल मीच त्या फोनवाल्या बाईंच्या खोलीत गेले. तरुण आहे, बोलायला गोड आहे. कॉम्प्युटरवर शोधलं, पुन्हा शोधलं, आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, काकू, तुमचं नाव आमच्याकडे येतच नाही. सुरुवातीला आलं होतं, लाल, पार वरती. मग मॅडमनी स्वतः काढायला सांगितलं. कोण मॅडम, ते मला विचारावं लागलं नाही. ती बिचारी सारवासारव करायला लागली. मॅडम म्हणाल्या, त्या माझ्या सासूबाई आहेत, त्या सोडणाऱ्यांतल्या नाहीत, मशीनला काय कळतंय त्यांच्याबद्दल. आणि असा फोन गेला तर त्यांना अपमान वाटेल.

तर त्यासाठी हे लिहितेय. रागाने लिहितेय असं समजू नकोस. राग होता तो काल पुलावर काढला. तू माझ्या बाजूने बोललीस, तुझ्याच मशीनच्या विरुद्ध, चार लोकांत. माझ्याबद्दल इतकी खात्री आजवर कोणी दाखवली नव्हती, तुझ्या सासऱ्यांनीही नाही. पण सूनबाई, मशीनने मला ओळखलं आणि तू नाही ओळखलंस. फळ्याजवळ सरांनी जे केलं, तेच तू वर बसून केलंस, फक्त टाळ्या न वाजवता. मला वेगळं काढलंस. उद्या ऑफिसात गेलीस की पहिलं काम हे कर, माझं नाव परत घाल, टॅक्सीवाल्याच्या शेजारी, लालमध्ये. फोन तू करायचा नाही. त्या बाईंनाच करू दे, आणि सासूबाई आहेत म्हणून जपून बोला, असं त्यांना सांगायचं नाही. मी परत जाणार का, ते आज खोलीत येऊन विचारशील, दारात उभी राहशील, चहा आणशील. चहा घेईन. उत्तर काय ते फोनवाल्या बाईंना देईन, तुला नाही. यापुढे या विषयावर मी एक अक्षर बोलणार नाही.

तुझीच,
आई