अप्पांचं कानाचं यंत्र

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय बारके,

तुझं पाकीट मंगळवारीच मिळालं. छोटीने काढलेलं चित्र मी फ्रिजवर लावलंय. त्यात मला तीन हात का आहेत, ते तिला विचारून कळव. इथे सगळं बरं आहे. ऑफिसला आता आठवड्यातून तीनच दिवस जावं लागतं. टाच दुखायची थांबली. तू विचारणारच म्हणून आधीच सांगते, वेळेवर जेवते.

पाकिटातला विमान कंपनीविरुद्धच्या तक्रारीचा कागदही वाचला. फार नेटका लिहिलायस. 'कंपनीच्या बेजबाबदारपणामुळे एका मुलीला तिच्या वडिलांना शेवटचं भेटता आलं नाही' हे वाक्य वकिलालाही जमलं नसतं. खाली मी सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलीस, लहानपणी मी तुझ्या वहीत मारून द्यायचे तशी. आज पाच दिवस मी त्या फुलीकडे बघतेय.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू "ताई, जाऊ दे ना" म्हणतेस आणि मी तेवढ्यावर सुटते. कागद मध्ये बोलत नाही. तू शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

फेब्रुवारीत तू कळवलंस की अप्पांचं हृदय आता फार दिवस तग धरणार नाही, असं डॉक्टर सांगतात. साथीमुळे सरळ विमानं बंद होती. सलग तिकीट पाच दिवसांनंतरचं मिळत होतं, म्हणून मी दोन वेगवेगळी तिकिटं काढली आणि मधल्या विमानतळावर विमान बदलायचं ठरवलं. तू तिकडे त्या वॉर्डच्या मोठ्या बाईंच्या मागे लागून परवानगी काढलीस. मी उतरल्यावर चौदा दिवस वेगळी राहायला जायच्या आधी, दहा मिनिटं, खिडकीच्या काचेबाहेरून भेट. आणि मला बजावलंस, "ताई, सामान आणू नकोस. खांद्याची पिशवी घे आणि ये."

मी बॅग आणली. अप्पांसाठी कानाचं नवं यंत्र घेतलं होतं, तू पाठवलेल्या त्यांच्या तपासणीच्या कागदावरून जुळवून घेतलेलं. हातातल्या पिशवीत ठेवलं तर तपासणीत कोणीतरी उघडेल, पाडेल, म्हणून त्यांच्यासाठी घेतलेल्या दोन स्वेटरांच्या मध्ये ठेवून बॅग विमानात दिली. मला वाटलं, किती जपून नेतेय मी.

मधला विमानतळ तुला कधी नीट सांगितला नाही. दुकानांची शटरं खाली. एकाआड एक खुर्चीवर चिकटपट्टीची फुली. पाण्याच्या नळाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. विमान बदलणाऱ्यांसाठी एकच काउंटर उघडं होतं. पारदर्शक पडद्यामागे एक माणूस, मास्कमुळे त्याच्या चष्म्यावर सारखी वाफ धरायची. त्याने दोन्ही तिकिटं पाहिली आणि म्हणाला, "दोन वेगळी तिकिटं आहेत, म्हणून तुमची बॅग पुढे जात नाही. ती बाहेरच्या पट्ट्यावर येईल. बाहेर जायचं तर देशात शिरावं लागतं, आणि परदेशी माणसाला सध्या शिरता येत नाही."

"मग तुम्ही आणून द्या."

"आणू, पण माणसं कमी आहेत. आज जमेल असं वाटत नाही. बॅग राहू द्या, मागाहून पाठवतो. दार बंद व्हायला पंचवीस मिनिटं आहेत, तुम्ही निघा."

"मला बॅग हवीच आहे."

"असं काय आहे त्यात?"

"माझ्या वडिलांचे कान."

त्याने चष्मा काढून पुसला. "आणि वडील कुठे आहेत?"

"दवाखान्यात. आज-उद्याचे आहेत."

"मग जा ना, बाई," तो म्हणाला.

बारके, मी गेले नाही.

विमान रद्द झालं नव्हतं. मी फुली नसलेल्या एका खुर्चीवर बसले आणि समोरच्या फळ्यावर त्याची सगळी वाटचाल पाहिली. बसायला सुरुवात, शेवटची सूचना, उड्डाण. दार माझ्यापासून शंभर पावलांवर होतं. मग तुझा मेसेज आला, 'बसलीस का?' मी लिहिलं, 'रद्द झालं.'

पुढचं तुला माहीत आहे ते खरं आहे. बहात्तर तासांचा तपासणीचा दाखला त्याच रात्री संपला. नवी तपासणी करायला बाहेर जावं लागतं आणि बाहेर जाता येत नाही. आत तपासणी करणारं पथक चौथ्या दिवशी आलं. शेजारी एक वेल्डर अडकला होता, तो म्हणायचा, "आपल्यालाच पट्टी लावून बॅगेत टाकायला हवं होतं. बॅगा तरी कुठेतरी पोचतात." माझी बॅग तिसऱ्या दिवशी एका ढकलगाडीवरून आली. अप्पा आदल्या दिवशी दुपारी गेले होते. म्हणून मी तिथूनच मागे फिरले.

इतके दिवस मी स्वतःला सांगत आले की यंत्रासाठी थांबले, ते ऐकणारच नसतील तर जाऊन काय उपयोग. त्याच्याही खाली एक गोष्ट आहे. ती आज लिहिली नाही तर कधीच लिहिणार नाही.

चार वर्षांपूर्वी मी आले होते, तेव्हा एकदा जेवताना तू स्वयंपाकघरात होतीस. मी अप्पांना काहीतरी तिसऱ्यांदा सांगत होते. काय ते आता आठवतही नाही. आणि मी ओरडले, "तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे. ऐकायचंच नसेल तर ते कानात घालता कशाला?" त्यांनी ते जुनं यंत्र काढलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि भात कालवायला लागले. तुला वाटतं ते बिघडलं होतं. ते बिघडलं नव्हतं. त्यानंतर फोनवर ते नेहमी म्हणायचे, "तुम्ही बोला दोघी, मला काही कळत नाही."

मला त्यांच्या कानात चुकले म्हणायचं होतं. पण काचेबाहेर उभी राहून, यंत्राशिवाय, नुसतं बघायचं? त्यांनी तोंड फिरवलं असतं तर? त्या खुर्चीवर बसल्यावर, फळ्यावर 'उड्डाण' दिसलं तेव्हा, मला क्षणभर हायसं वाटलं. माझ्या बापाच्या मरणाच्या आदल्या दिवशी मला हायसं वाटलं, बारके.

आणि तू मला समजवायला म्हणून सांगितलेलंच मला सगळ्यात जास्त टोचतं. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून तू दवाखान्याच्या जेवणाच्या चिठ्ठ्यांच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचीस. 'ताई निघाली आहे.' ती त्यांनी उशीखाली ठेवली. मग 'ताईचं विमान रद्द झालं, उशीर होईल.' ती वाचून त्यांनी तुझ्याकडून पेन मागून घेतलं आणि तिच्यावरच लिहिलं, 'तिला म्हणावं, घाई करू नको.'

त्यांना वाचता येत होतं. यंत्र लागतच नव्हतं. काचेला एक कागद लावला असता तरी झालं असतं. आधीच्या चार वर्षांत एक पत्र टाकलं असतं तरी झालं असतं. घरात मीच एक लिहिणारी म्हणवते, आणि मला ते सुचलं नाही. तुला सुचलं. आणि मी खोटं बोलले, ते तुझ्या हस्ताक्षरात त्यांच्यापर्यंत गेलं. अप्पांशी शेवटचं खोटं मी तुझ्या हातून बोलले. माफी मागायची ती आधी ह्याची.

तक्रारीचा कागद सोबत परत पाठवतेय. सही केलेली नाही. फुली तेवढी खोडली. त्या कंपनीचा काही दोष नाही. त्या चष्मेवाल्याने तर मला जा म्हटलं होतं, आणि मी आठ-नऊ महिने तुझ्याबरोबर त्याला शिव्या दिल्या.

चार डिसेंबरचं तिकीट काढलंय. एकच, सलग. बॅग आणणार नाही. यंत्राचं खोकं इथेच आहे, त्याचं सील मी फोडलेलं नाही. ती दुसरी चिठ्ठी तुझ्याकडे असेल तर मला एकदा बघू दे, फक्त त्यांचं अक्षर. दाखवायची नसेल तर नको दाखवूस. दार उघडायचं की नाही, तेही तूच ठरव. मी बाहेर उभी राहीन, दहा मिनिटं.

तेव्हा निघालेली, अजून न पोचलेली,
ताई