वरचं दूध

३ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.४०

बाळाचे पाय धरून उभा होतो. आत्ताच सुटका झाली, ओट्यावर वही टेकवून लिहितो आहे.

पाय धरायचं काम सासूबाईंनी दिलं. "जावईबापू, तुम्ही नुसते पाय धरा. लाथा मारते ती." बारा दिवसांची मुलगी आणि तिला आवरायला चार मोठी माणसं. ही, म्हणजे माझी बायको, मांडी घालून बसलेली, सासूबाईंच्या हातात डोकं, आईच्या हातात उशी, माझ्या हातात पाय. चोर पकडल्यासारखा सगळा देखावा.

बाईसाहेब (खरं नाव ठरायचं आहे, तोवर हेच) दोन घोट घेतात, टक टक असा आवाज करतात, सुटतात आणि घर डोक्यावर घेतात. मग पुन्हा पहिल्यापासून. ही ओठ दाबून बसते. चिरा पडल्या आहेत. सांगत नाही, पण ब्लाउजवर रक्ताचा ठिपका मी पाहिला.

दुपारी

दोन पक्ष पडले आहेत. सासूबाईंचं म्हणणं, "दूध भरपूर आहे, पोरच घाई करते." आईचं म्हणणं, "असेल भरपूर. पण अंगाला लागायला नको? काहींचं नसतंच चांगलं. हाही असाच रडका होता. वरच्या दुधावर वाढला. काय झालं त्याला?"

काय झालं ते बघायला दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

४ नोव्हेंबर, बुधवार

दवाखाना. जन्माचं वजन दोन किलो नऊशे, आज दोन किलो साडेसहाशे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत वाढलं नाही तर वरचं दूध सुरू करू." ही "हो" म्हणाली, पण कुणीतरी दुसरंच म्हणाल्यासारखं.

भिंतीवर पाटी होती — 'स्थनपान हेच उत्तम'. पाट्या रंगवणं हा माझा धंदा. ही माझ्या हातची नाही. त्या 'थ'कडे बघत बसलो, म्हणजे हिच्याकडे बघावं लागलं नाही.

डॉक्टरबाईंनी बाईसाहेबांच्या तोंडात बोट घालायचा प्रयत्न केला. तोंड घट्ट मिटलेलं, मग किंकाळी. "राहू दे, शनिवारी पुन्हा पाहू. घरात कुणाला लहानपणी दूध ओढायला त्रास होता का? किंवा बोलण्यात काही अडचण?"

सासूबाई माझ्या शेजारीच होत्या. मी मान हलवली. नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, "जावई म्हणजे सोनं गं. शब्दाला शब्द देत नाही."

देणार कुठून? मला 'र' म्हणता येत नाही, 'ळ' तर त्याहून नाही. बोलायच्या आधी मी मनात वाक्य तपासतो, 'र'चे शब्द काढून दुसरे बसवतो. वाक्य तयार होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. लग्न ठरताना आईने सांगितलं होतं, "लाजाळू आहे जरा." सासरच्यांना ते फार आवडलं. खरं काय ते हिला माहीत आहे. तिने माहेरी कधी सांगितलं नाही, माझ्या वाटचं सगळं तीच बोलते. सातवीत गुरुजींनी उभं राहून कविता म्हणायला लावली, वर्ग पोट धरून हसला, आणि मी शाळा सोडून ब्रश धरला. कागदावर मात्र माझा एकही 'र' आजवर चुकलेला नाही.

संध्याकाळी आई दुधाचा डबा घेऊन आली. फळीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"विहीणबाई, पोरीच्या जिवावर हट्ट नको."

"हट्ट कुणाचा ते दिसतंय की फळीवर."

ही आत पाळण्याशी बसून होती. मला म्हणाली, "अहो, खरंच माझंच दूध वाईट आहे का?"

'नाही' या शब्दात 'र' नाही. तरी तो बाहेर आला नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुकानाला दांडी. मालक म्हणाले, "तुझी मुलगी रडते आणि पाट्या माझ्या अडतात."

सकाळी खिडकीशी बाईसाहेबांना खांद्यावरून खाली घेतलं. ऊन थेट तोंडावर. त्यांनी रडायला जबडा उघडला तो पार घशापर्यंत. जीभ वर उचललीच जात नव्हती. टोकाला मधोमध खाच, आणि खाली पांढरा दोरा, शिवून टाकल्यासारखा. दिवसभर अक्षरांची वळणं काढणारा माणूस मी, एकदा पाहिलेला आकार विसरत नाही. हा तर रोज पाहतो, दात घासताना.

तिला हिच्या मांडीवर दिलं आणि आरशासमोर जीभ बाहेर काढली. म्हणजे निघेल तेवढी. तीच खाच. तोच दोरा.

हिला दाखवलं. ती माझ्या तोंडात बघत राहिली, मग मुलीच्या.

"डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"उद्या तू सांग," मी म्हणालो.

"मी नाही सांगणार. सगळं मीच बोलायचं का? इथे उठसूट सगळे माझ्या दुधाला नावं ठेवत होते, आणि तुम्ही पाय धरून उभे होतात."

बरोबर आहे तिचं.

७ नोव्हेंबर, शनिवार

वजन आणखी तीस ग्रॅम कमी. दवाखाना भरलेला, तपासणीच्या खोलीचा पडदा अर्धा उघडा. डावीकडे सासूबाई, उजवीकडे आई. आईच्या पिशवीत डबा. डॉक्टरबाई चिठ्ठी लिहायला लागल्या. ही माझ्याकडे बघत नव्हती.

मी म्हणालो, "डॉक्टर, बुधवारी मी खोटं सांगितलं. घरात त्रास होता. मला." 'र' मोजले नाहीत. सगळे पडले, एकही उभा राहिला नाही. मग जीभ काढून दाखवली. पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्या आजोबांना वाटलं तपासणी सुरू झाली. त्यांनीही काढली.

डॉक्टरबाईंनी आधी माझ्या तोंडात बॅटरी मारली, मग बाईसाहेबांच्या. "जिभेखालचा पडदा आखूड आहे. ओढायला जीभ पुढे येतच नाही, म्हणून सुटते. बाळंतिणीच्या दुधाचा यात काही संबंध नाही." शेवटचं वाक्य त्यांनी आई आणि सासूबाई दोघींकडे बघून म्हटलं.

कात्रीचा एक बारीक आवाज. रक्ताचा एक थेंब. तो बघून मी खुर्चीत बसलो. ही उभीच होती. तिने तिथेच पाजायला घेतलं. बाईसाहेब चाचपडल्या, रडल्या, सुटल्या, पुन्हा धरलं. मी कान देऊन टक टकची वाट बघत होतो. एकदा झाली. मग बराच वेळ झाली नाही.

घर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मला वाटत होतं तुम्ही समंजस आहात."

ही खिडकीकडे तोंड करून हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

आईने डबा पुन्हा फळीवर ठेवला, पण या वेळी पिठाच्या डब्यामागे.

१० नोव्हेंबर, मंगळवार

दोन किलो सातशे पन्नास.

११ नोव्हेंबर, बुधवार

हिशेब. दवाखाना तीन वेळचा, नऊशे — दिले. डबा चारशे साठ — आईला देणे.

पैसे घेऊन गेलो तेव्हा आई भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "तुझ्या वेळचे डबे तुझ्या आजीने आणले. शेजारीपाजारी सांगून आली होती, सुनेचं दूध नासकं आहे म्हणून. तुझ्या जिभेखाली कुणी पाहिलंच नाही."

मी पैसे हातात धरून उभा.

"सव्वीस वर्षं झाली. म्हणजे माझं दूध बरं होतं?"

"बरं होतं, आई," मी म्हणालो. जसं निघालं तसं.

पैसे ओट्यावर ठेवले आहेत. अजून तिथेच आहेत.