मी, विरेश आणि केम

३ डिसेंबर
गणिताच्या हृषीकेशला माणसांच्या चिठ्ठ्या करायच्या आहेत. फील्ड प्रोजेक्टसाठी एक विद्यार्थी, एक शिक्षक, एक गाव — अशी तिघांची जुळणी. मी हाताने यादी केली होती. भार्गवी, मी, केम. ह्या कॉलेजात भाषेचा कान असलेली ती एकच. केमची बोली नोंदवायला तिचाच कान हवा. प्राचार्यांनी यादी बाजूला सारली. गणित आलं की ते मान डोलावतात, कीर्तनातल्यासारखी.

४ डिसेंबर
पद्धत अशी. प्रत्येकाने आपल्याला चालतील ती नावं द्यायची. तिघांचं जमतं अशा प्रत्येक त्रिकुटाची एक चिठ्ठी. न बघता एक काढायची, ती पक्की. त्यातलं एकही नाव असलेल्या बाकीच्या चिठ्ठ्या फाडायच्या. मग पुढची. मागे वळायचं नाही. त्रिकुटांच्या ह्या जाळ्याला तो हायपरग्राफ म्हणतो. घाण्याचा बैलसुद्धा फिरून जागेवर येतो.
"जवळजवळ सगळे लागतात, मॅडम. थोडे उरतात."
"थोडे म्हणजे कोण?"
"ते आधी सांगता येत नाही."
ह्यावर लोक पीएचडी करतात!

९ डिसेंबर
सोडत. प्राचार्य शिपाई गुरप्पाचे डोळे बांधायला निघाले. "कशाला बांधता सर? चष्म्याबिगर मला तसंबी दिसत न्हाय की." त्याने चिठ्ठी काढली — भार्गवी, हिंदुराव, माळशिरस. हिंदुराव भूगोल शिकवतो आणि केमला रेल्वे थांबते का, हे मला विचारतो.
शेवटी उरलो मी, विरेश आणि केम. विद्यार्थ्यांतल्या विरेशला केम नको, म्हणून आमची चिठ्ठीच नव्हती. हृषीकेश म्हणाला, असं होतं. पाऊस पडल्यासारखं.

१० डिसेंबर
स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत हृषीकेशला सुनावलं. सोडत रद्द करा, पुन्हा काढा. भार्गवी माझ्याकडेच हवी. तो चहा ढवळत म्हणाला, "पुन्हा काढूनही ते होणार नाही, मॅडम." उद्धट. मी त्याला गाढव म्हणाले, जरा बऱ्या शब्दांत.

११ डिसेंबर
राग गेला नाही. जाऊही नये.

१२ डिसेंबर
ऑफिसातल्या राजेश्वरीने जिन्यात थांबवलं. चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या होत्या. "मॅडम, हृषीकेश सरांना बोलू नका हो. भार्गवीनं तुमचं नावच दिलं नव्हतं. चिठ्ठी कुठनं निघणार? सर म्हणाले, मॅडम मला बोलल्या तर बोलू देत, तू गप्प बस."
दुपारच्या तासाला भार्गवी पहिल्याच बाकावर होती. मी तिला रोजच्यासारखं वाचायला सांगितलं नाही.