सईच्या पंपाचा तक्ता

३ डिसें., बुध.
कंपनीत लाइनवर एका महाभागाने दुपारी दोनलाच संध्याकाळी सहापर्यंतची रीडिंग भरून ठेवलेली. सगळं ओके. माप घ्यायचं गेज डबीतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. फैलावर घेतला. "साहेब, पीस चांगलेच येतायत की." वीस वर्षं क्वालिटीत घालवली, ही जमात काही संपत नाही.
घरी आलो तर सईची छाती पुन्हा वाजतेय. नऊ वर्षांची पोर, दोन जिने चढून मटकन खाली बसली. महिन्यात दुसऱ्यांदा. दम्याचा रोजचा पंप चालू असताना असं का?

६ डिसें., शनि.
कारण घरातच. आईने सईची दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या, सगळं गॅसवरच्या तव्यात. भोसरीतल्या दोन खोल्या, खिडकी एक. आईचं शास्त्र असं, की मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली. म्हणजे सईला जन्मात कधी दृष्ट लागणार नाही. तोंडावर बोललो. आई म्हणते, "आमी एवढी लेकरं वाढवली, एकालाबी पंप लागला न्हाई." तिचा सख्खा दीर दम्यानेच गेला, ते सोयीने विसरली. धाप लागल्यावरचा निळा पंप दिला तेव्हा कुठे पोर बोलायला लागली.

८ डिसें., सोम.
समोरच्या शेडवाल्याची रंगाची फवारणी, दार सताड उघडं. सांगायला गेलो. "मग बंगल्यात राहा ना राव." अकलेचा खंदक.
मी माझ्या बाजूने चोख. फ्रिजवर तक्ता लावलाय. रोजचा नारिंगी पंप, त्रास असो-नसो, सकाळ-संध्याकाळ, घेतला की खूण. रोज कामावरून आलो की आधी तो बघतो. एक चौकोन रिकामा नाही. या घरात शिस्त आणली ती मी.

११ डिसें., गुरु. सुट्टी.
डॉक्टरीणबाईंकडे. तक्ता फाइलला लावून नेला, ऐटीत. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नारिंगी पंप मागितला, मागचा आकडा बघितला. किती डोस उरले ते तिथे दिसतं.
"हा कधी आणलात?"
"दिवाळीत."
"जवळजवळ भरलेलाच आहे हो."
शुभांगी खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "त्रास नसला की मीच म्हणायचे, राहू दे. सासूबाई म्हणतात सवय लागते. उद्या लग्न जमवताना..." नऊ वर्षांच्या पोरीचं लग्न! धन्य आहे बायकोची. विचारलं, मग खुणा कोणी केल्या?
सई म्हणाली, "मी. रिकामं दिसलं की तुम्ही सगळ्यांवर ओरडता, पप्पा."
बाई मला सोडून सईकडे वळल्या. तिला पंप कसा ओढायचा ते दाखवत बसल्या. त्यापेक्षा झापलं असतं तर बरं.

१२ डिसें., शुक्र.
तोच महाभाग लाइनवर. त्याला आज काही बोललो नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? दुसऱ्यांची गेज तपासत आलो, घरचा पंप एकदाही हातात घेतला नाही. नुसत्या खुणा मोजल्या. निदान त्या माणसाचे पीस तरी चांगले येत होते.
भीती वाटते. पोर गुदमरत होती आणि मला खूश ठेवत होती. या घरातला सगळ्यात मोठा गाढव कोण, ते कळलं.

१५ डिसें., सोम.
तक्ता फाडला. आई म्हणाली, "बरं केलंस, पोरीची जात हाय." तिला वाटलं पंपच बंद. समजावलं. पटलं नाही. शुभांगी आता समोर बसून देते.
आज ती पाणी भरायला खाली गेलेली. सईला विचारलं, "पंप घेतलास?"
तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. "खरं सांगू?"
"सांग." आवाज चढलाच. ठरवलं होतं तरी.
"घेतला," म्हणाली आणि दप्तर भरायला लागली.
खाली चाकणच्या कंपनीची बस हॉर्न देत होती. पंप फ्रिजवर होता. उचलून आकडा बघणार होतो, पण सई बघत होती. तसाच जिना उतरलो.