जीपची अर्थिंग आणि माझा हिरवा रंग

मी, रजनी विश्राम ढमाले, वय सदुसष्ट, राहणार कोळवण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. मन नाही. सकाळपासून चार वेळा उठून शेडपर्यंत जाऊन आले, म्हणून अक्षर वाकडे दिसेल. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी हा कागद हातावर पट्टी मारून परत दिला असता.

१. घर आणि भोवतालची अकरा गुंठे जमीन मुलगा निषाद आणि मुलगी जुईली यांना निम्मी-निम्मी. बँकेतल्या ठेवीही तशाच. निषादला बावधन सोडून इथे राहायचे नसेल तर त्याने विकावे, माझा राग नाही. मागच्या फणसाला हात लावण्याआधी मात्र जुईलीला विचारावे. तो तिच्या बारशाच्या दिवशी लावला आहे.

२. नणंद नलिनी यांनी १९८४ साली नेलेला पितळी डबा त्यांच्याकडेच राहू द्यावा. मी माफ केलेले नाही, फक्त मागणे सोडले आहे.

३. जीप. ह्यांनी ती सरकारी लिलावात घेतली आणि वीस वर्षे डोंगरातल्या वाड्यांवरून बाळंतिणी, तापाची पोरे, साप चावलेली माणसे तिच्यातून दवाखान्यात आणली. ती कोणाला द्यावी हे लिहिण्याआधी एक कबुली द्यायची आहे.

२०११ च्या दसऱ्याआधी जीपच्या इंडिकेटरचा आणि दिव्यांचा असे दोन्ही खटके बिघडले. धनगरवाड्यावरचा गोरख मरगळे तेव्हा आमच्या रस्त्याला पत्र्याच्या टपरीत गाड्यांचे वायरिंग करायचा. त्याने खटके बदलले आणि मागच्या दिव्यांची परतीची तार, जिला तो अर्थिंग म्हणतो, जीपच्या पत्र्याला स्क्रूने नव्याने बसवली. त्यासाठी तिथला पत्रा पॉलिश पेपरने घासून उघडा केला.

खंडेनवमीला मी जीप धुतली. उघडा पत्रा दिसला. गंजेल म्हणून स्क्रू काढला, घराच्या खिडक्यांच्या उरलेल्या हिरव्या रंगाचे दोन हात दिले, वाळल्यावर तार पुन्हा आवळली आणि झेंडूचा हार घातला. स्वतःचे कौतुकही वाटले.

चार दिवसांनी संध्याकाळी, धुक्यात, ह्यांनी दिवे लावून घराकडे वळायला इंडिकेटर दिला आणि मागचे सगळेच विझले. मागून दुधाचा टेम्पो आदळला. ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, अर्ध्या गावासमोर, मी गोरखला म्हणाले, "तुझ्या हातात यापुढे कोणी सायकलसुद्धा देऊ नये." गावाने ऐकले. दोन महिन्यांत टपरी बंद पडली. तेव्हापासून तो मारुंजीला दुसऱ्याच्या गॅरेजात रोजावर टेम्पो दुरुस्त करतो. हे म्हणायचे, "रजू, सोड ना त्याला." मला तो ह्यांचा चांगुलपणा वाटायचा.

ह्यांना जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या महिन्यात, अपघातापासून शेडमध्येच उभी असलेली जीप विकावी म्हणून, ह्यांचा करंट तपासायचा टेस्ट लॅम्प घेऊन मी स्वतः मागे बसले. खटके दोन्ही ठीक होते. करंट दिव्यापर्यंत येत होता, परत जात नव्हता. एकटा दिवा मिणमिणायचा, इंडिकेटर दिला की सगळेच जायचे. स्क्रू काढला. वॉशरखाली हिरवा रंग होता, आणि रंगातून करंट जात नाही. माझ्या खिडक्यांचा.

मी मारुंजीला गेले. गोरख टेम्पोखाली होता. त्याने तिथूनच सगळे ऐकले.

"मला म्हाईत हाय, वैनी. दुसऱ्या दिशी जीप वढून आणाया मीच गेलतो. रंग दिसला की."

"मग बोलला का नाहीस?"

"दादांना बोललो. ते म्हणले, पाय तर गेलाच, गोरख. हिला कळलं तर ही बी हातची जाईल. तू गप ऱ्हा." मग हात बाहेर आला. "तितला बारा नंबरचा पाना द्या जरा."

मी पाना दिला. दुसरे काय देणार होते?

म्हणून या कागदात पहिल्यांदा मी लिहिले होते की जीप आणि सगळी हत्यारे गोरखला द्यावीत, आणि साक्षीदार म्हणून सहीही त्याचीच घ्यावी. वकील प्राजक्ता गुजर म्हणाल्या, "मावशी, ज्याला काही मिळतं त्यानेच साक्षीची सही केली तर उद्या कोणीही शंका काढेल. दोन्हीपैकी एकच करा."

आज सकाळी गोरख आला. पत्रा खरवडला, तार बसवली. मी आत बसून खटके दाबले, तो मागे उभा राहिला.

"डावा?"

"पेटतोय."

"उजवा?"

"ह्यो बी."

"आता दिव्यांबरोबर?"

"हाय, हाय! न्हाई विझत."

मी आणखी सहा वेळा करून पाहिले.

"वैनी, बॅटरी उतरंल! मी काय पळून चाललोय व्हय?"

मग त्याला हा कागद वाचून दाखवला. विचारले, जीप हवी की सही?

तो जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. "जीप लई गुणाची हाय. पर ती घिऊन फिरलो तर लोक म्हनतील, बाईला दया आली. मला सही द्या. अन् कागुद चावडीत वाचा. तुमी हाय तवर."

त्यामुळे गोरखच्या नावची देणगी मी माझ्या हाताने खोडली आहे. जीप धनगरवाड्याला द्यावी, आजाऱ्यांच्या फेऱ्यांसाठी. तिच्या पत्र्याला कोणी रंग लावू नये.

४. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, चावडीपुढे, मी स्वतः उभी राहून वाचणार आहे. निषाद, जुईली, तुम्हाला लाज वाटली तर मागे उभे राहा, पण या.

आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार: रजनी विश्राम ढमाले

साक्षीदार:
१. ॲड. प्राजक्ता गुजर, पौड
२. गोरख कोंडिबा मरगळे. धंदा: गाड्यांचे वायरिंग. धंद्याची जागा: कोळवण.

(मी मारुंजी लिहिले होते. त्याने पेन मागून घेतले आणि खोडले.)

कोळवण, १४ नोव्हेंबर २०२४